बेचाळिसाव्या दिवसानंतर घरी कोण जातं? महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्रिमहोदय,

आपल्या खात्याची दोन आयुक्तालयं दोन शहरांत आहेत. अंगणवाड्या आणि पोषण यांचा कारभार बेलापूरच्या रायगड भवनातून चालतो, बालसंरक्षणाचा पुण्यातून. नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत एखाद्या खोलीत दीड वर्षाचं मूल रोज मार खात असेल, तर अंगणवाडीताईला त्याचं वजन आणि उंची विचारली जाते, माराबद्दल कुणी विचारत नाही. बालसंरक्षण कक्षाला ते मूल कळतं ते कुणी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केल्यावर. तोवर व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. हे पत्र त्या मधल्या काळाबद्दल, आणि त्या काळात मदतीला घरी जाणाऱ्या माणसाबद्दल आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि शासनानं शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. ते हवंच होतं. पण घरात कॅमेरा लागत नाही, लागूही नये. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मार सोसला होता. ज्यांना कुटुंबात मार बसला, त्यांच्यातल्या ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचेच आईवडील होते. यातले बहुतेक आईबाप क्रूर नसतात. दमलेले असतात, उधारीत बुडालेले असतात, स्वतः मार खाऊनच मोठे झालेले असतात. म्हणूनच त्यांच्याबाबत शिक्षेच्या आधी मदतीचा विचार करायला जागा आहे.

मूल रडतं, कुणीतरी जवळ घेतं, शरीरातला ताण उतरतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे हजारो वेळा घडतं तेव्हा ताण सोसण्याची आणि उतरवण्याची घडी बसते. कुणी आलंच नाही, किंवा जो येतो त्याचीच भीती असेल, तर कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा ताल बिघडतो. पुढे बालवाडीत तेच मूल दचकणारं, एका जागी न बसणारं, हात उगारणारं म्हणून ओळखलं जातं आणि तिथंही मारच खातं. अमेरिकेत सॅन दिएगो इथं १९९५ पासून हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांत चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट निघाली. हा मोठ्या गटाचा हिशेब आहे. एकेका मुलाला गुण देऊन त्याचं भविष्य सांगण्यासाठी तो वापरू नये; हल्ली कार्यशाळांतून तसा वापर होतो, म्हणून मुद्दाम लिहितो आहोत.

कारण हे उलटवता येतं. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिरा गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४०० गर्भवतींवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींच्या घरी परिचारिका गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत २३ वेळा गेल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी ४८ टक्के कमी होत्या. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास, दोन वर्षं खेळ शिकवायला गेल्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. जमैकातली मुलं मार खाणारी म्हणून निवडलेली नव्हती, हे खरं. पण साध्या सेविकेच्या भेटीचा परिणाम किती लांब टिकतो ते त्यातून कळतं.

आपल्याकडे घरी जाण्याची पद्धत शून्यातून उभी करायची नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरवून दाखवले, आणि आज आशाताई देशभर घरोघरी जातात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची भेट असते. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आणखी पाच भेटी आल्या. आता हे वेळापत्रक बाळाच्या रडण्यासमोर ठेवून पाहा. निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. रडणं थांबेना म्हणून बाळाला गदागदा हलवलं जाण्याचा धोका याच सुमाराला असतो. मान लुळी आणि डोकं जड, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होतो आणि बाहेर वळही दिसत नाही. नेमकं याच काळात, ४२ व्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत, ठरलेली एकही घरभेट नाही. लसीसाठी आई केंद्रावर येते, पण तिथल्या रांगेत 'रात्री किती रडतं आणि तेव्हा तुम्ही काय करता' हे विचारायला कुणाला उसंत नसते.

दुसरी पोकळी पंधराव्या महिन्यानंतरची. मूल धावतं, सांडतं, भात फेकतं, प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणतं. 'आत्ताच वळण लावलं नाही तर हाताबाहेर जाईल' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं ते याच वयात, आणि वळण म्हणजे लाटणं किंवा चपला. तेव्हा आमची पहिली मागणी साधी आहे. आठव्या आठवड्यात आणि १८, २४, ३० व्या महिन्यात अशा चार भेटी वाढवा, सगळ्यांसाठी.

आठव्या आठवड्याच्या भेटीत एवढंच सांगायचं: बाळ भुकेलं आहे का, ओलं आहे का, ताप आहे का ते पाहा. ताप असेल तर लगेच दवाखाना. यातलं काही नसेल तर छातीशी धरून फिरवा. तरी थांबलं नाही आणि आपला तोल सुटतोय असं वाटलं, तर बाळाला जमिनीवर चटईवर पाठीवर ठेवा, दाराबाहेर गॅलरीत जा, पाच-दहा मिनिटांनी परत या. रडून बाळाला इजा होत नाही, हलवून बाळ दगावू शकतं. हे आईइतकंच बापाला आणि दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या शेजारणीला सांगायला हवं. दिघ्यात किंवा कळव्यात आई नाक्यावर कामाला गेलेली असते तेव्हा बाळ असतं शेजारणीकडेच.

मोठ्या मुलांसाठी केंद्राचा 'नवचेतना' आराखडा २०२४ मध्ये आला. त्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिनावार १४० कृती आहेत. पुस्तिका चांगली आहे, पण वाचून दाखवली तर वाया जाते. वाट्या, झाकणं, राजमा भरून झाकण घट्ट बसवलेली बाटली, जे घरात आहे ते आईच्या हातात द्यायचं आणि तिला खेळायला लावायचं. मूल तिच्या आवाजाकडे वळलं की तिथल्या तिथं 'बघा, तुमचा आवाज ओळखला' असं म्हणायचं. बहुतेक प्रशिक्षणांत नेमकं उलटं होतं. ताई स्वतःच मुलाशी छान खेळते, मूल ताईवर खूश होतं आणि आईला वाटतं, हे काही आपल्याला जमायचं नाही.

आईच्या मनाची विचारपूस हा भेटीचा अर्धा भाग असायला हवा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का, मन उदास किंवा हताश असतं का, या दोन प्रश्नांनी सुरुवात पुरते. उत्तर 'हो' आलं तर पुढे कुठं पाठवायचं? ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि 'याला ठाण्याला पाठवा' ही आपल्याकडची तेवढीच जुनी चेष्टा. तिथं जा म्हटलं की बाई पुन्हा दार उघडत नाही. फोनवर मानसिक आधार देणाऱ्या सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, पण दहा बाय दहाच्या खोलीत सासूसमोर फोनवर काय बोलणार? समुपदेशन नागरी आरोग्य केंद्रातच, लसीकरणाच्या दिवशी, शेजारच्या खोलीत हवं. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात साध्या आरोग्यसेविकांना हे काम शिकवलं होतं. २००८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी नैराश्य राहिलेल्या बाया २३ टक्के होत्या, इतर गावांत ५३ टक्के.

आता हे कुठं फसतं ते. एल्मिरातच दिसलं होतं की ज्या घरांत नवरा बायकोला वारंवार मारत होता, तिथं मुलांच्या छळावर भेटींचा परिणाम उरला नाही. म्हणजे हिंसाचार सोसणाऱ्या बायांना एका जागी मदत देणारं सखी केंद्र आणि घरगुती हिंसाचाराचा संरक्षण अधिकारी या साखळीत पहिल्या दिवसापासून नसतील, तर सर्वाधिक धोक्यातली घरं सुटणार. दुसरं, वेळ. सकाळी अकराला गेलात तर कुलूप दिसेल. संध्याकाळी सहानंतर किंवा सुटीच्या दिवशी जावं लागेल आणि त्याचा मोबदला द्यावा लागेल. सध्या मोठ्या बाळाच्या एका भेटीचे आशाताईला ५० रुपये मिळतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरून देण्यासाठीही ५० रुपयेच ठरले होते. त्या वेळी हीच यंत्रणा घरोघरी पोहोचली, त्यामुळे घर सापडत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पाऊण तासाची भेट आणि एक अर्ज यांना एकच भाव असेल, तर भेटही अर्ज भरल्यासारखीच होणार. त्यात पोषण आहाराच्या नोंदीसाठी लागणाऱ्या चेहरा ओळख आणि ओटीपीपायी अंगणवाडीताईची सकाळ मोबाइलमध्येच जाते.

तिसरं, स्थलांतर. अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंब कळव्यातून दिव्याला, दिव्यातून बदलापूरला जातं. ठाणे या एका जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. हद्द बदलली की ताई बदलते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलाची नोंद त्याच्यासोबत जावी आणि जुन्या ताईनं नव्या ताईला फोन करणं हे कामाचा भाग मानलं जावं.

सर्वांत नाजूक प्रश्न मदत आणि तक्रार यांच्यातल्या रेषेचा आहे. ताई आली म्हणजे पोलीस येणार, अशी हवा एकदा वस्तीत पसरली की काम संपलं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सोच्या कलम १९ नुसार कळवावंच लागतं, तिथं मुभा नाही आणि नसावी. पहिल्या भेटीतच हे घरच्यांना स्पष्ट सांगावं. चार-पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठंही काळानिळा डाग दिसला, किंवा चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर वा मानेवर दिसला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं. रांगण्या-चालण्यात लागतं ते गुडघ्याला, नडगीला आणि कपाळाला. पण चापटा, आरडाओरडा, मुलाला उपाशी झोपवणं या पायरीवरच्या घरांना बालकल्याण समितीपुढं उभं करण्याऐवजी महिन्यातून दोनदा माणूस मिळाला पाहिजे. तो आज कुठून मिळणार? जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मूळ आकृतिबंधात एक समुपदेशक आणि दोन सामाजिक कार्यकर्ते आहेत. साडेआठ लाखांच्या सिंधुदुर्गाला हे कदाचित पुरेल, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या, आजच्या हद्दीत, २०११ मध्येच ८० लाखांवर होती.

पैशांच्या योजना आहेत, पण त्यांची दारं चुकीच्या उंचीवर बसवली आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वात मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात, मात्र शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला ८,००० रुपये. ठाण्यात किमान वेतन मिळवणारा एकटा कमावताही त्याबाहेर जातो. बाल संगोपन योजनेचे २,२५० रुपये मोलाचे आहेत, पण ते सहसा आई किंवा बाप गेल्यानंतर, घर मोडल्यानंतर. महिनाभर काम मिळालं नाही, भाडं थकलं, बापाचं पिणं वाढलं, या टप्प्यावर पाच-सहा हजारांची एकरकमी मदत पंधरा दिवसांत देता यावी, आणि तो अधिकार अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेला असावा.

तुर्भे-दिघा, कळवा-मुंब्रा आणि भिवंडीची यंत्रमाग वस्ती अशा तीन ठिकाणी दोन वर्षं हे करून पाहा. चार जादा भेटी सगळ्यांना. त्याशिवाय ज्या घरांना जास्त गरज दिसेल त्यांच्यासाठी गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत पंधरवड्याला एक भेट. कोवळ्या वयातली आई, जवळ नातेवाईक नसलेलं जोडपं, कमी वजनाचं किंवा अपंग बाळ, घरात दारू वा मारहाण, ही ओळखीची लक्षणं. अशा घरांना 'धोक्यातील कुटुंब' असा शिक्का मारू नका, यादीच्या मथळ्यातसुद्धा नको. एका कार्यकर्तीकडे २५ घरं, म्हणजे महिन्याला ५० भेटी, दिवसाला दोन. याहून जास्त घरं दिली की भेटी पाच मिनिटांवर येतात. कार्यकर्ती बदलू नये, आणि पंधरवड्यातून एकदा अनुभवी व्यक्तीनं तिच्यासोबत बसून एकेका घराची चर्चा करावी. ही बैठक सगळ्यांत आधी कापली जाते, आणि ती गेली की कार्यकर्त्याही सोडून जातात.

यश मोजताना किती भेटी झाल्या एवढंच मोजू नका. तीन वर्षांखालची किती मुलं जखमी होऊन महापालिका रुग्णालयांत आली, उदास आयांपैकी किती सावरल्या, दोन वर्षांच्या मुलांची बोली किती वाढली, हे पाहा. एक इशारा आत्ताच देऊन ठेवतो. पहिल्या वर्षी या तीन ठिकाणांहून १०९८ वरच्या तक्रारी वाढतील, कारण आजवर न दिसणारं दिसू लागेल. त्या आकड्यावरून विधानसभेत प्रश्न येईल. तेव्हा योजना गुंडाळू नये, एवढी तयारी आपण सुरुवातीलाच ठेवावी.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत लहान मुलं व कुटुंबांसोबत काम करणारे समुपदेशक, परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते