बँकेचा दगड आणि आपलं इंद्रभुवन

सोलापूर

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. फोर्टातल्या शाखेत बदली झाली आणि तू चक्क इमारतींवर लिहायला लागलास, छान वाटलं. जुन्या बँकांना एवढे जाडजूड खांब नि दगड कशाला लागायचे, असं विचारलंयस. मला विचारशील तर तो भरवशाचा देखावा होता, आणि मुंबईला त्याची गरज ठेच लागून कळली होती.

बँक ऑफ बॉम्बे निघाली १८४० साली. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका झाला की समुद्र बुजवायला कंपन्या निघाल्या. १८६३ च्या कायद्याने बँकेला शेअर तारण घेऊन कर्ज देता येऊ लागलं, मग काय, शेअर दलाल प्रेमचंद रायचंद सांगतील त्याला पैसे! १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळले, तारणाचे नुसते कागद उरले. १८६८ ला बँक गुंडाळली आणि त्याच साली त्याच नावाची नवी उघडली. तीच पुढे १९२१ ला इंपीरियल बँकेत गेली, १ जुलै १९५५ पासून स्टेट बँक. आता सांग बे, एकदा पोळलेल्या ठेवीदाराला पातळ भिंतींच्या इमारतीत परत कोण आणणार होतं?

कापसाच्या पैशाने सोलापुरात मात्र वेगळंच काहीतरी उभं केलं. १८६० ला रेल्वे आली, १८७७ ला मोरारजी गोकुळदासांची जुनी मिल, मागोमाग बाकीच्या. त्याच गिरण्यांच्या जमान्यात अप्पासाहेब वारदांनी इंद्रभुवन हा वाडा बांधला. बँकेला पैसा तिजोरीत दडवायचा असतो, वारदांना तो दाखवायचा होता. कमानी, घुमट, मूर्ती, देशी-विलायती नक्षी, मोकळी म्हणून भिंत सोडलेली नाही. थोडं जास्तच झालंय, पण मला आवडतं. कारखानदाराने कुणाला न भिता केलेली हौस आहे ती.

१९६४ ला महापालिका झाली. पुढे तिचा कारभार याच वाड्यातून चालला. नुसतं संग्रहालय करा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. माणसांचा वावर असला की गळती लवकर ध्यानात येते.

खरा घात सिमेंट करतं. जुने गवंडी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे. त्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते, नक्षी फुगते आणि पापुद्रे सुटतात. तुमच्या शाखेत भिंतीच्या पायथ्याला पांढरी पूड दिसते का, जरा वाकून बघ. दिसली तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी वरिष्ठांना सांग, आधी ओल कुठून येते ते शोधा म्हणून.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला वहिनींना घेऊन ये. रजा आत्ताच टाक, जानेवारीत मिळायची नाही.

तुझा,
महादेव