पुयोल चौथा कसा रे?

पुणे, रविवार

प्रिय पक्या,

तुझी यादी मिळाली. पेठेतल्या कट्ट्यावर चाळीसजणांना विचारून स्पेनच्या फुटबॉल बचावपटूंची लोकप्रियता ठरवलीस म्हणे. पहिला सर्जिओ रामोस, आणि पुयोल चौथा! हातातला चहा गार झाला लेका.

रामोसचं एक वेळ समजू शकतो. बचावपटू असून रिअल माद्रिदसाठी १०१ गोल मारलेत गड्यानं. २०१४ चा चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, लिस्बनचा अंतिम सामना आठव. अ‍ॅटलेटिको १-० नं पुढे, ९० मिनिटं संपलेली, त्यांचे लोक कप उचलायच्या तयारीत, आणि मॉड्रिचच्या कॉर्नरवर ह्याचं डोकं! रात्री दोन वाजता तू फोनवर असा बोंबललास की आमचे घरमालक जागे झाले. पण माद्रिदकडून २६ लाल कार्डंही त्याचीच. २०१८ ला कीव्हमध्ये ह्याच्याशी झोंबताना इजिप्तच्या सलाहचा खांदा दुखावला, त्यानंतर इजिप्तमध्ये अशी यादी केली असतीस तर तो तळाला गेला असता. माणूस सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि आवडणं वेगळं. तू दोन्ही एकाच रकान्यात टाकलंस.

आता आमचा कार्लेस पुयोल, बार्सिलोनाचा कप्तान. २००२ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्कोविरुद्ध गोलकीपर चकला होता, जाळं मोकळं होतं. हा मध्ये छाती काढून उभा राहिला आणि बॉल बरोबर जर्सीवरच्या बार्सिलोनाच्या बिल्ल्यावर आदळला. तो न झालेला गोल कुठल्या आकड्यात धरणार? २०११ ला वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा कप कप्तान म्हणून त्यानंच उचलायचा. पण संघातल्या अबिदालचं यकृताच्या गाठीचं ऑपरेशन होऊन दोन-अडीच महिनेच झाले होते. ह्यानं दंडावरची कप्तानाची पट्टी काढून त्याला बांधली आणि कप त्याच्या हातात दिला. पुढच्या वर्षी रायो व्हायेकानोला ७-० नं हाणताना संघातलेच थियागो आणि आल्वेस गोल मारून नाचायला लागले, तर कप्तानानं स्वतः जाऊन नाच बंद पाडला. समोरच्याची आणखी इज्जत कशाला काढायची!

तरी एक कबूल करतो. मलाही पुयोल म्हटलं की आधी डर्बनच दिसतं. २०१० च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर जर्मनी, ७३ वं मिनिट, झावीचा कॉर्नर, आणि मागून धावत आलेली ती केसांची झुलपं. म्हणजे बचावपटू मीही गोलवरूनच लक्षात ठेवला. त्या रात्री रामोसही मैदानात होता बरं का, राइट बॅक म्हणून. ते तुझ्या चाळीसांतल्या किती जणांना आठवतं, विचार.

आणि ते चाळीस कोण, तेही मला ठाऊक आहे. सगळे फॉरवर्ड! आपल्या संघाच्या गोलकीला विचारलंस का? नसशील, तर विचार आणि मगच आकडे कळव.

तुझा,
बाळ्या