जुन्या मंदिरांच्या सांध्यांत सिमेंट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निधी मंजूर झाला की गावच्या प्राचीन मंदिरापुढे आधी उतरतात ती सिमेंटची पोती. मराठवाड्यातली चालुक्य-यादवकालीन मंदिरे बहुतेक शुष्कसांधी आहेत. घडीव दगडावर दगड, मध्ये चुना नाही. खाचा, त्यांत बसणारी कुसू आणि वरचे वजन यांवर भिंत उभी. खाली मात्र बऱ्याच ठिकाणी काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मोकळे सांधे ही हालचाल थोडीफार पचवतात. सिमेंटने जखडले की दगडांच्या कडा उडू लागतात. झिरपलेल्या पाण्याची वाटही बंद होते आणि शिल्पांवर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटतो.

सर्वांत घातक उपाय छतावरचा. गळते म्हणून सभामंडपावर ४ इंच काँक्रीट ओततात. २० बाय २० फुटांवर हा बोजा सुमारे ९ टन होतो. खांब तो पेलतीलही, पण दगड दाबाला दणकट आणि वाकायला कच्चा, म्हणून तुळईला मध्यावर खालून तडा जातो. मग लोखंडी टेकू! त्यापेक्षा निकामी थर उतरवून, विटांचे तुकडे आणि मुरवलेला चुना यांचा पातळ थर दर ५ फुटांना १ इंच ढाळ देऊन घालावा. पिंपळाची जाड मुळे ओढू नयेत, सोबत दगड निखळतो.

भिंत उतरवावीच लागली तर आधी छायाचित्रे, मोजमाप आणि प्रत्येक दगडावर थर व जागेचा क्रमांक. क्रमांक नसला की गजथराचा (खालच्या हत्तींच्या पट्ट्याचा) दगड जंघेत (भिंतीच्या मधल्या भागात) बसतो. दगड जोडणारे जुने लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि दगड फोडतात, त्यांच्या जागी न गंजणारे पोलाद वापरावे. ऑइल पेंट तर नकोच, आणि तो काढायला वाळूचा मारा त्याहून नको.

सरसकट ‘हेमाडपंती’ फलकही थांबावेत. नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले, ज्याच्यावरून हे नाव पडले त्या यादवांच्या मंत्री हेमाद्रीच्या आधीचे. औंढा नागनाथला खालचे कोरीव दगडकाम आणि वरचे नंतरचे शिखर वेगवेगळे ओळखू येतात. त्या दुरुस्तीने जुनेपणाचे सोंग तरी आणले नाही.

संरक्षित स्मारकांना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. असंरक्षित मंदिरांच्या अंदाजपत्रकातही नकाशे, दगडांचे क्रमांकन आणि चुनाकाम या स्वतंत्र बाबी दाखवल्याशिवाय निधीचा पहिला हप्ता सुटू नये.

– एक वाचक, परभणी