बाबा, सोमवारी बांबोळीला जायचंय

मडगाव

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर बाबांनी परत तेच ऐकवलं, "म्हाका कितें जावंक ना," म्हणजे मला काही झालेलं नाही, आणि फोन ठेवून दिला. म्हणून लिहितेय. पत्रात मला मध्येच अडवता येत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी बाबांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवून तुकडा तपासायला सांगितला, तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नाही आणि बाबा डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. चट्टा म्हणजे कॅन्सरच, असं तुम्ही दोघांनीही धरून ठेवलंय. पण असे बहुतेक पांढरे चट्टे कधीच कॅन्सरपर्यंत जात नाहीत. थोडे जातात, आणि कुठले जाणार ते वरवर बघून कुणालाच सांगता येत नाही. तुकडा घेतात तो एवढ्यासाठी.

आमच्या लॅबमध्ये असे तुकडे येतात, बाबा. फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत, तळाशी तांदळाच्या दाण्याएवढे. ते मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात. तोंडाच्या आतल्या कातडीत पेशींचे थर असतात. तळच्या पेशी वेड्यावाकड्या वाढून वर चढायला लागल्या की त्याला डिसप्लेझिया म्हणतात. खालच्या तिसऱ्या हिश्शात असतील तर सौम्य, मधल्यात पोचल्या तर मध्यम, त्याहून वर गेल्या तर तीव्र. या थरांच्या खाली एक पातळ पडदा असतो, आपल्या पोफळीच्या कुळागराच्या बांधासारखा. तो फोडून पेशी आत शिरल्या तर कॅन्सर. त्याआधी सापडलं तर चट्टा तेवढा काढून टाकतात, नाहीतर काही महिन्यांनी परत बोलावून नजर ठेवतात.

"लोखंड लागलं की पसरतं" हे आत्याचं वाक्य दिसतंय. लोक अगदी शेवटी जातात, तोवर रोग पसरलेला असतो आणि नाव येतं सुरीवर. जागा बधिर करून तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, दोन दिवस पेज जेवायची. बस्स.

आता सुपारी. "मी तंबाखूला शिवत नाही, घरची फोफळं खातो." बाबा, पोफळींवर आपलं घर चाललं, माझी कॉलेजची फीसुद्धा त्यातूनच गेली, त्यामुळे हे लिहिणं जिवावर येतं. पण तंबाखू न घालता खाल्लेल्या सुपारीनेही कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये तसा अहवालच काढलाय. फवारणी केली नाही म्हणून ती निर्धोक होत नाही. दोष सुपारीत मुळातच असलेल्या अरेकोलीन नावाच्या द्रव्याचा. त्यामुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल ताठ होतो, तोंड कमी उघडतं, तिखट झोंबायला लागतं.

जरा आठवून बघा. खोल्याची मिरची मीठ लावून कचाकच खाणारे तुम्ही, आणि यंदा चवथीला खतखत्याबरोबर दही मागून घेतलंत. आईने मिरचीला दोष दिला. लाडूसुद्धा हल्ली चार तुकडे करून खाता. आरशासमोर उभे राहा, तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी घाला. तीन मावायला हवीत. माझ्या अंदाजाने दोनच मावतील. सुपारी सोडली म्हणून हा ताठरपणा फारसा कमी होत नाही, पण वाढायचा थांबू शकतो. पांढरा चट्टा मात्र कधीकधी विरूनही जातो. सुपारी विकायची की नाही हे भांडण आपण नंतर करू.

आणि आजीचं उदाहरण देऊ नका. ती धुमटीचं, म्हणजे पानात गुंडाळलेल्या तंबाखूच्या विडीचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढायची आणि नव्वदी गाठली, कबूल. पण या उलट्या धुमटीपायी गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेला अभ्यास १९७६ साली छापून आला होता. उगीच कुणी एवढ्या लोकांना 'आ' करायला लावत नाही.

आई, टॉर्च घेऊन त्यांच्या जिभेखाली आणि जिभेच्या कडांना बघ. पांढऱ्यापेक्षा लाल, मखमली दिसणारा चट्टा जास्त वाईट.

तुझ्या पोटरीवरचा खवल्यांचा चट्टाही दाखवायचाय. गजकर्ण समजून किती ट्यूब संपवल्यास! बहुधा इसबच निघेल. पण मलमांना महिनोन्‌महिने दाद न देणारा असा एकटा चट्टा कधीकधी बोवेनचा आजार असतो, म्हणजे बिघडलेल्या पेशी बांधाच्या वरच असतात. उन्हाने होणारे खरखरीत चट्टे गोऱ्या लोकांत जास्त, त्याची तू काळजी करू नकोस. हातावरची भाजल्याची जुनी खूण फुटून भरेनाशी झाली, तर मात्र लगेच सांग.

दंत महाविद्यालय आणि गोवा मेडिकल कॉलेज दोन्ही बांबोळीलाच, त्यामुळे एका फेरीत दोघांचं होईल. सोमवारी सकाळी मी फोंड्याच्या स्टँडवर असेन, तुम्ही पहिल्या बसने या. बाबा, रक्त पातळ करायच्या गोळीची चिठ्ठी बरोबर घ्या, डॉक्टर विचारतील. पण ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पानाचा डबा घरी ठेवायचा. आई, खिसे तू तपास.

तुमची,
बाय