केनियाच्या मतदारयादीबाबत वसाहतमंत्र्यांना खुले पत्र

ऑगस्ट 1923

मा. ड्यूक ऑफ डेव्हनशायर, वसाहतमंत्री, लंडन यांस,

स. न. वि. वि.

केनियासंबंधीची आपली श्वेतपत्रिका वाचली. 1921 च्या साम्राज्य परिषदेत एक दक्षिण आफ्रिका सोडून सर्वांनी हिंदी लोकांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य केले. गेल्या वर्षी वसाहत आणि हिंदुस्थान या दोन खात्यांच्या उपमंत्र्यांनी आखलेल्या वुड-विंटरटन योजनेत एकच मतदारयादी आणि शंभरांतल्या दहा हिंदी लोकांना मत, एवढे तरी पदरात पडत होते. आता तेही गेले; गोऱ्यांची यादी वेगळी, आमची वेगळी.

केनियाच्या कायदे कौन्सिलात गोऱ्यांना निवडून द्यायच्या 11 जागा, आम्हाला 5, अरबांना 1. खानेसुमारीत गोरे 9,651, हिंदी 22,822. म्हणजे त्यांच्या 877 माणसांमागे एक सभासद, आमच्या 4,564 मागे एक.

पण भांडण जागांपुरते नाही, यादीचे आहे. यादी एक असली की गोऱ्या उमेदवाराला हिंदी दुकानाची पायरी चढावीच लागते. दहा टक्के धरले तरी आमची मते दोन हजारांवर जातात आणि चुरशीच्या जागी थोडकीही पुरतात. यादी वेगळी केली की ती गरज संपली. मग आम्हाला जो जास्त शिव्या देईल, त्याचीच त्याच्या यादीत चलती. आमचे पाचही एकदिलाने उभे राहिले तरी अकरांपुढे पडणार. वर सरकारी सभासदांचे बहुमत आहेच. 1909 साली हिंदुस्थानात मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे करून मारलेली पाचर हीच.

आपण लिहिता, केनिया हा मुळात आफ्रिकी लोकांचा मुलूख, त्यांचे हित सर्वांत वर. वा! मग त्या पंचवीसेक लाखांनी निवडून द्यायच्या जागा किती? शून्य. त्यांच्या वतीने बोलणार एक मिशनरी, तोही सरकारने नेमलेला. हॅरी थुकू या आफ्रिकी पुढाऱ्याने तोंड उघडले तर त्याला दूर किस्मायूला हद्दपार केले, आणि त्याच्या सुटकेसाठी जमलेल्यांवर नैरोबीत गोळ्या झाडल्या. गव्हर्नरसाहेबांना पळवून नेऊ, रेल्वे ताब्यात घेऊ म्हणणाऱ्या मळेवाल्यांना मात्र डोंगरपठारावरची सुपीक जमीन राखीव. बंडाची धमकी द्यावी तर गोऱ्यानेच.

ती रेल्वे बांधायला बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून नेलेत. अडीच हजार तिकडेच मेले. 1914 साली जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर जर्मनांच्या तोंडी दिलेत तेही आमचेच शिपाई. तेव्हा याद्या वेगळ्या करायचे कुणाला सुचले नाही.

या पाच जागांवर आम्ही माणसे उभी करणार नाही. यादी एक करा. अट लावायचीच असेल तर गोरा, हिंदी, आफ्रिकी सर्वांना एकच लावा. मग जागा कितीही ठेवा.

आपला,
एक हिंदी करदाता, मोंबासा