वनमंत्र्यांना खुलं पत्र: मेलेल्या झाडांचाही हिशेब ठेवा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

२०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपं लावायचं ठरवलं होतं. जंगल पुढे कसं बदलेल याची गणिती मॉडेलं करणं हे माझं काम. त्यात या कोटींचा मला काडीचा उपयोग होत नाही. मला हवं असतं ते साधंच: ऐनाच्या शंभर झाडांपैकी वर्षाला मरतात किती, उरलेले जाड होतात किती, नवे रुजतात किती. हे आकडे इथले मिळाले नाहीत की परक्या जंगलातले उसने घ्यावे लागतात. मग सह्याद्रीचं भाकीत पनामातल्या झाडांवरून!

घेर मोजणं सोपं वाटतं. जमिनीपासून १.३ मीटरवर टेप गुंडाळायची, झालं. पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी. टेप दोन बोटं सरकली तरी वर्षभराची वाढ त्या चुकीत बुडते आणि कागदावर झाड चक्क आक्रसतं. म्हणून खोडावर रंगाचा पट्टा मारायचा, बिल्ला ठोकायचा आणि तेच झाड त्याच पट्ट्यावर वर्षानुवर्षं मोजायचं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा असा प्लॉट आखला. दुष्काळ, वणवे, हत्तींनी मोडलेली झाडं, सगळं त्या नोंदींत उतरत गेलं.

आपल्याकडे एका कार्यालयात आमच्या प्रस्तावावर शेरा पडला: 'अंतिम अहवाल ३६ महिन्यांत.' प्रस्ताव कारवी या रानझुडपाचा होता. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. ३६ महिन्यांत काय मोजणार, कपाळ?

तेव्हा सह्याद्रीतल्या रानांत, विदर्भातल्या सागवनांत, कातळपठारांवर कायमचे प्लॉट आखा. मोजणीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरा. नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवा. आणि एक नाजूक गोष्ट: मेलेलं रोप 'मेलं' असं लिहिताना वनरक्षकाला नोटिशीची धास्ती वाटू नये. त्या भीतीपोटी लिहिलेलं एक 'जिवंत' माझं अख्खं गणित नासवतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २०२४ ला फुलली. आता तिची पाळी २०३२ ला. बिल्ले तेवढे ॲल्युमिनियमचे घ्या, लोखंडी आपल्या पावसात गंजतात.

आपला,
झाडांचे घेर मोजणारा एक संशोधक