दुर्बीण घ्या, पण तपासून

महोदय,

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) उतरले की दुर्बिणींची खरेदी वाढते आणि ‘२०×५०’ हा आकडा पाहून लोक भुलतात. एवढ्या वर्धनाला हात जरा हलला की चित्र थरथरते. पक्ष्यांसाठी ८×४२ (आठपट वर्धन, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर) पुरे.

दुकानातच ती हातभर लांब धरून सूर्य टाळून आभाळाकडे रोखा. नेत्रभिंगातले उजेडाचे वर्तुळ (४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर) पूर्ण गोल हवे. चौकोनी, करड्या कडा म्हणजे आतले, प्रकाश वळवणारे प्रिझम हलक्या काचेचे. मग डावा डोळा मधल्या चाकाने, उजवा उजव्या नेत्रभिंगावरच्या कड्याने जुळवून लांबची विजेची तार पाहा. मध्यभागीच तारेला जांभळी किनार दिसली, किंवा पाचेक मिनिटांत डोळे ओढल्यासारखे झाले, तर परत ठेवा. दुसऱ्या दोषात बहुधा नळ्या समांतर नसतात. चष्मेवाल्यांनी आयकप (नेत्रभिंगाभोवतीची कड) दुमडूनच बघावे.

– एक पक्षिनिरीक्षक, ठाणे